सुती धागा उजळतो, पॉलिएस्टर नाही: मिश्र कापडाच्या टी-शर्टवर डिस्चार्ज छपाई

काळ्या टी-शर्टवर पाण्यातली साधी पिवळी शाई ओढली तर ती कापडात मुरून दिसेनाशी होते. प्लॅस्टिसॉल या प्लॅस्टिकयुक्त शाईचा जाड थर दिला तर रंग दिसतो, पण छातीवर रबराचा तुकडा चिकटवल्यासारखा वाटतो. डिस्चार्ज शाई थर चढवत नाही. छपाईच्या जागेतला कापडाचा मूळ रंग ती काढून टाकते आणि तिथे स्वतःचा रंग बसवते. एकदा धुतल्यावर हात फिरवून बघा, छपाई कुठे सुरू झाली ते बोटांना कळत नाही.

ही पद्धत मुळात सुती कापडाची. बाजारात मात्र ढीगभर माल मिश्र असतो आणि नवशिके नेमके तिथेच फसतात. एका शर्टवर झकास आलेली छपाई दुसऱ्या शर्टवर मळकट का आली, याचं उत्तर बहुतेक वेळा शाईत नसतं, शर्टात असतं. म्हणून या लेखात शाईआधी शर्ट.

रंग जातो म्हणजे काय होतं

डिस्चार्जची शाई दोन भागांत येते. एक बेस, म्हणजे बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवणारा घटक) असलेली पाण्यातली पेस्ट. दुसरं अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे झिंक फॉर्मल्डिहाइड सल्फॉक्सिलेट ही पांढरी पावडर. त्याच घराण्यातलं सोडियमचं संयुग रंगकामाच्या बाजारात सफोलाइट किंवा रोंगालाइट या नावांनी मिळतं. ओल्या शाईला उष्णता लागली की ही पावडर डायच्या, म्हणजे कापड रंगवलेल्या रंगाच्या, रेणूतला अझो बंध, म्हणजे दोन नायट्रोजनमधला दुवा, तोडते. दुवा तुटला की रेणूचा रंग जातो.

सुती कापड बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह डायने रंगवतात आणि त्यातले पुष्कळ डाय अझो जातीचे असतात. काळा, नेव्ही, मरून हे रंग बहुतेक वेळा चांगले उजळतात. मोरपंखी आणि फिरोजी हे रंग थॅलोसायनिन जातीच्या डायचे असतात, त्यांत तोडायला अझो बंधच नसतो, म्हणून ते हट्टाने टिकतात. रॉयल ब्लू आणि भडक हिरव्याचाही भरवसा धरू नका. व्हॅट किंवा सल्फर डायने रंगवलेला काळा दिसायला तसाच असतो, पण त्यावर डिस्चार्ज नीट चालत नाही.

पॉलिएस्टरची गोष्ट वेगळी. ते डिस्पर्स डायने, दाबाखाली १३० अंश सेल्सिअसच्या आसपास रंगवतात आणि तो डाय धाग्याच्या आत जाऊन बसतो. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे पाण्यातलं अ‍ॅक्टिव्हेटर आतल्या डायपर्यंत फारसं पोचत नाही. ६० टक्के सुती आणि ४० टक्के पॉलिएस्टरचा काळा शर्ट घेतला तर सुती तंतू उजळतात, पॉलिएस्टरचे काळेच राहतात आणि छपाई जुन्या, बऱ्याचदा धुतलेल्या शर्टासारखी दिसते. हा परिणाम मुद्दाम हवा असेल तर सुंदर दिसतो. लख्ख पांढरा लोगो हवा असेल तर हा शर्टच चुकीचा.

शर्ट कोणता घ्यायचा

८०–२० म्हणजे ८० टक्के सुती असेल तर जवळजवळ सुतीसारखंच काम होतं, रंग किंचित दबतात. ६०–४० आणि ५०–५० मध्ये विटका, मऊ परिणाम धरूनच डिझाइन करायचं. ट्राय-ब्लेंडमध्ये सहसा निम्मं पॉलिएस्टर आणि उरलेल्यात सुती व व्हिस्कोस असतं. व्हिस्कोसही रिअ‍ॅक्टिव्ह डायनेच रंगतं, म्हणून तिथे निम्मं कापड उजळतं. कॉलरवाल्या टी-शर्टना वापरतात ती पीसी (पॉलिएस्टर-कॉटन) मॅटी बहुधा पॉलिएस्टरकडे झुकलेली असते आणि खेळाच्या जर्सीचं डॉट निट तर पूर्ण पॉलिएस्टर. या दोन्हींवर डिस्चार्जचा नाद सोडा आणि पॉलिएस्टरसाठीची, कापडाचा रंग छपाईत वर न येऊ देणारी शाई वापरा.

मेलंजमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे तंतू मिसळलेल्या कापडात, आणखी एक खोच आहे. ग्रे मेलंजमध्ये मुळात पांढऱ्या सुती तंतूंत थोडे काळे तंतू मिसळलेले असतात. काळे तंतू पॉलिएस्टरचे असतील तर काढण्याजोगा रंगच उरत नाही. तिथे डिस्चार्जऐवजी पाण्यातली साधी शाईच पुरते, वास आणि रसायनाचा खर्चही वाचतो.

घाऊक दुकानदार ‘कॉटनच आहे’ असं बिनदिक्कत सांगतो. शिवणीच्या आतून चार धागे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. मिश्र धाग्यात दोन्ही दिसतात. प्रमाण मात्र जाळून कळत नाही. प्रयोगशाळेत ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात सुती भाग विरघळवून उरलेलं पॉलिएस्टर तोलतात. हे घरी करायचं काम नाही. मोठी ऑर्डर असेल तर मुंबईत प्रभादेवीची टेक्स्टाईल कमिटी किंवा घाटकोपरची बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशन अशा ठिकाणी नमुना तपासून घेता येतो.

दुसरी चाचणी थेंबाची. शर्टावर पाण्याचा थेंब ठेवा. पाचेक सेकंदांत मुरला तर ठीक. मण्यासारखा बसून राहिला तर कापडावर सिलिकॉन सॉफ्टनर जास्त आहे आणि शाई आत उतरणार नाही.

तिसरी आणि खरी चाचणी म्हणजे प्रत्यक्ष छाप. ५ सेंटिमीटरचा भरीव चौकोन असलेली एक छोटी स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी ताणलेली चौकट, कायमची बाजूला ठेवा. प्रत्येक लॉटमधला (एकाच वेळी रंगवलेल्या मालातला) एक शर्ट घेऊन तळाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला छापा, पूर्ण तापमानाला शिजवा, म्हणजे उष्णतेने शाई पक्की करा, धुवा आणि मगच ऑर्डर स्वीकारा. एकाच कंपनीचा, एकाच रंगाचा पण वेगळ्या लॉटचा काळा एकदा मलईसारखा उजळतो, एकदा तांबूस. शंभर शर्ट हवे असतील तर शंभरही एकाच लॉटचे मागा. दुकानदार कुरकुर करेल, तरी मागा.

डिझाइन आणि रंग

उरलेलं पॉलिएस्टर तुमच्या रंगावर चाळणीसारखं काम करतं. नेव्ही ६०–४० वर पिवळा छापला तर तो हिरवट दिसतो, लाल छापला तर वांग्याकडे झुकतो. निळा, राखाडी, पांढरट हे रंग नेव्हीवर शोभतात, तर मरूनवर भगवा, पिवळा, गुलाबी. संगणकावर निवडलेला शेड शर्टावर हुबेहूब येईल असं ग्राहकाला कधीही सांगू नका. छापलेला आणि धुतलेला नमुना हातात द्या आणि त्यावर होकार घ्या.

शाई पातळ असते आणि अ‍ॅक्टिव्हेटर रंगाच्या थोडं पुढे पसरतं. रेघ ०.५ मिलिमीटरपेक्षा बारीक नको आणि अक्षरांतल्या मोकळ्या फटी त्याहून जरा मोठ्या ठेवा, नाहीतर ‘ष्ट्र’सारख्या जोडाक्षरांच्या पोटातली जागा भरून जाते. देवनागरी मजकुराला हा धोका रोमनपेक्षा जास्त, म्हणून फॉन्ट सुटसुटीत निवडा.

स्क्रीन

जाळी सेंटिमीटरला ४३ धाग्यांची घेतली तर भरीव छपाईला पुरेशी शाई उतरते. बारीक काम असेल तर ६१ किंवा ७७. त्याहून घट्ट जाळी मिश्र कापडावर फारशी उपयोगी नाही, कारण शाई तंतूंत खोल जायला हवी आणि तेवढा ओलावाही हवा.

जाळीवर लावायचं, प्रकाशाने घट्ट होणारं इमल्शन पाण्याला टिकणारंच हवं. प्लॅस्टिसॉलसाठी वापरायचं साधं इमल्शन डिस्चार्जच्या शाईत तासाभरात फुगतं आणि कडा सुटू लागतात. बाहेरून एक आणि आतून एक असा हात द्या, ३५ ते ४० अंशांत पूर्ण सुकवा, एक्सपोज करून (डिझाइनची फिल्म लावून प्रकाश देऊन) धुवा, पुन्हा सुकवा आणि मग स्क्रीन दहा मिनिटं उन्हात ठेवा. हे दुसरं एक्सपोज वगळू नका. पावसाळ्यात कोकणपट्टीत हवेतच इतका दमटपणा असतो की हाताला कोरडं लागणारं इमल्शन आतून ओलं राहतं. बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावा किंवा एक रात्र जास्त द्या.

मिसळण्याआधी

अ‍ॅक्टिव्हेटरच्या क्रियेतून फॉर्मल्डिहाइड आणि गंधकाच्या वासाचे वायू निघतात. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. नायट्राइल हातमोजे, गॉगल आणि फॉर्मल्डिहाइडसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क घाला. कापडी मास्कचा इथे काडीचाही उपयोग नाही. ड्रायरच्या वर धूर थेट बाहेर नेणारा एक्झॉस्ट हवा. राहत्या घराच्या खोलीत किंवा दार बंद करून हे काम करू नये, दम्याचा त्रास असलेल्याने तर मुळीच नाही.

पावडरचा डबा कोरड्या जागी, घट्ट झाकणात ठेवा. ओलावा लागला की गुठळ्या होतात, वास सुटतो आणि ताकद जाते. ब्लीचिंग पावडर, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आम्लं तिच्या शेजारीसुद्धा ठेवू नका.

शाई तयार करणं

१ किलो बेसला साधारण ६० ग्रॅम, म्हणजे ६ टक्के अ‍ॅक्टिव्हेटर हे सुरुवातीचं प्रमाण. फिक्या शर्टाला ३ ते ४ टक्के पुरतं. शाईच्या डब्यावर निर्मात्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. मिश्र कापडावर पॉलिएस्टर उजळत नाही म्हणून पावडर १० टक्क्यांपर्यंत नेण्याचा मोह होतो. त्याने पॉलिएस्टर उजळत नाहीच, उलट छपाईभोवती फिकट कडा पसरते आणि वास आठवडाभर जात नाही.

रंगासाठी २ ते ८ टक्के पिगमेंट (रंगद्रव्य) घाला, पण ते डिस्चार्जला टिकणारंच घ्या. साधी पिगमेंट अ‍ॅक्टिव्हेटरसमोर स्वतःच बदलू शकतात. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड असलेला डिस्चार्ज व्हाइट मिळतो. नुसता बेस छापला तर शुभ्र रंग येत नाही, गडद रंगाआधी बहुधा न उजळवलेल्या सुताचा मूळ मलई रंग येतो.

क्रम असा: प्लॅस्टिकच्या भांड्यात बेस तोला, पिगमेंट मिसळा, शेवटी पावडर चाळून थोडी थोडी घालत चारपाच मिनिटं ढवळा. जुन्या जाळीच्या तुकड्यातून गाळा, म्हणजे न विरघळलेले कण जाळीत अडकत नाहीत. दहा मिनिटं राहू द्या, बुडबुडे जातात. तयार शाई ४ ते ६ तास चालते, मे महिन्याच्या उकाड्यात त्याहून कमी. म्हणून एकदम पाच किलो कालवू नका. पाच शर्ट छापण्याआधी आणि छापल्यावर लगेच तोला, एका शर्टाला किती ग्रॅम लागते ते कळतं आणि पुढचा हिशेब सोपा होतो. कालवलेल्या शाईचा डबा घट्ट बंद करू नका, आत वायू साठतो.

छपाई

टेबलावर पाण्यातला गम लावा आणि शर्ट सुरकुती न पडता बसवा. स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, ६५ ते ७० कडकपणाची, धार शाबूत. जाळी आणि कापड यांत २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवा. आधी न दाबता शाई जाळीवर पसरवा, मग ठाम दाबाने एक हात ओढा. ४३ च्या जाळीवर मिश्र कापडाला बहुधा दोन हात लागतात. शर्ट उलटून आतली बाजू पाहा. डिझाइन ओळखता येण्याइतपत ओल आत आली असली पाहिजे, पण थबथबलेली नको. आतून काहीच दिसत नसेल तर फक्त वरचे तंतू उजळतील आणि दोन धुण्यांत खालचा काळा वर डोकावेल.

ओल्या शाईचा रंग शर्टावर जवळजवळ दिसत नाही. घाबरून तिसरा-चौथा हात मारू नका, खरा रंग ड्रायरमध्ये उघडतो.

प्रत्येक हातानंतर जाळीवर शाई पसरवून ठेवा. दोन मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर तशीच शाईने झाकून ठेवा, नाहीतर जाळी सुकून बारीक भाग बुजतात. बाटलीने पाण्याचा अगदी हलका फवारा मारला तरी चालतं. हवा कोरडी असेल तर बेसमध्ये ३ टक्के युरिया घाला. तो ओल धरून ठेवतो आणि ड्रायरमध्ये क्रियेलाही मदत करतो. पंखा मात्र थेट टेबलावर नको.

दोन-तीन रंग असतील तर ओल्यावर ओले छापायचे. मध्ये फ्लॅशने, म्हणजे वरून उष्णता देणाऱ्या हीटरने, सुकवलं तर शाईतलं पाणी उडतं आणि क्रिया अर्धवट राहते. शुभ्र किंवा भडक रंग हवाच असेल तर डिस्चार्ज बेसचा पहिला थर आणि त्यावर कमी तापमानाला शिजणारा, पॉलिएस्टरसाठीचा पांढरा असा जोड चांगला ठरतो. डिस्चार्जने पाया उजळलेला असल्यामुळे वरचा थर पातळ ठेवता येतो.

शिजवणं

सगळ्यात जास्त माल इथेच बिघडतो. शाईत पाणी आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांवर जात नाही, ड्रायर १८० वर लावला तरी. आधी पाणी वाफ होतं, त्या वाफेतच रंग उजळतो आणि पाणी संपल्यावर बाइंडर पक्का होतो. म्हणून नुसतं ‘१६० ला दीड मिनिट’ असं पाठ करून चालत नाही. कापडाचं तापमान १६० अंशांवर पोचल्यानंतर दीड ते दोन मिनिटं हवीत, म्हणजे ड्रायरच्या सरकत्या पट्ट्यावर एकूण तीनेक मिनिटं. गरम हवा खेळती असलेला कन्व्हेअर ड्रायर याला योग्य. नुसत्या इन्फ्रारेड पॅनेलखाली वरचा थर सुकतो आणि आतली ओल अडकते. ड्रायरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता तापमानाची पट्टी किंवा प्रोब थेट कापडाला लावून मोजा.

मिश्र कापडावर वरचीही मर्यादा पाळावी लागते. तापमान चढलं की पॉलिएस्टरमधला डिस्पर्स डाय वाफ होऊन वर येतो आणि छपाईत शिरतो. लाल किंवा मरून शर्टावरचा पांढरा गुलाबी होतो, तोही कधी लगेच नाही, दोन दिवसांनी गठ्ठ्यात. १६५ च्या वर जाऊ नका. नमुन्यावर डाय वर येताना दिसला तर १५० अंशांवर वेळ वाढवून पाहा आणि धुऊन खात्री करा. शर्ट गरम असतानाच एकावर एक रचू नका, पूर्ण थंड होऊ द्या.

फक्त हीट प्रेस असेल तर १६० अंशांवर तापवा आणि आधी वरची प्लेट कापडापासून सेंटिमीटरभर वर ३०–४० सेकंद धरा, म्हणजे वाफ निघते आणि रंग उजळू लागतो. मग सिलिकॉन कागद ठेवून हलक्या दाबाने तीस-तीस सेकंदांचे दोन-तीन दाब द्या, मध्ये उघडून वाफ जाऊ द्या. जास्त दाबलं तर पॉलिएस्टरवर प्लेटच्या कडेची चकचकीत चौकट उमटते आणि ती जात नाही. घरच्या इस्त्रीने सगळीकडे सारखं तापमान मिळत नाही, तिच्यावर ग्राहकाचा माल सोडू नका.

ओल्या छपाईखाली शर्टाची पाठ चिकटलेली असते. शाई जास्त असेल तर ड्रायरमध्ये पाठीवरही डिझाइनची फिकट सावली उमटते. पट्ट्यावर ठेवताना आत कोरा कागद सरकवा.

बिघडलं तर

रंग धब्ब्याधब्ब्याने उजळला असेल तर बहुधा कापडावर सॉफ्टनर आहे किंवा छापलेले शर्ट ड्रायरआधी वेगवेगळा वेळ पडून सुकले. छापल्यावर पाच मिनिटांत ड्रायरमध्ये जायला हवं. सगळ्याच शर्टांवर सारखा मंद रंग आला तर कालवलेली शाई जुनी झाली आहे किंवा पावडर ओलावली आहे. ताजी १०० ग्रॅम कालवून त्याच लॉटवर छापून पाहा, दोषी कोण ते लगेच कळेल. काळ्या मिश्र शर्टावर तपकिरी किंवा जांभळट झाक आली तर ती पॉलिएस्टरची. त्यातला काळा दोन-तीन डायचं मिश्रण असतो आणि त्यातला एखादा थोडा बदलला की उरलेला रंग वर दिसतो. त्यावर उपाय नाही, शर्ट बदला.

पहिल्याच धुण्यात रंग गेला तर शिजवणं कमी पडलं. ६० अंश पाण्यात तीनदा धुऊन, ओल्या पांढऱ्या फडक्याने वीस वेळा घासून बघा. फडक्यावर रंग लागला तर ड्रायरचा पट्टा हळू करा.

उरलेली कालवलेली शाई मोरीत ओतू नका. उघड्या भांड्यात, हवेशीर जागी, मुलांपासून दूर सुकू द्या आणि घट्ट झालेला गोळा रासायनिक कचऱ्यात द्या. स्क्रीन मात्र काम थांबताच पाण्याने धुवा, बाइंडर जाळीत वाळला की ती जाळी गेली.

शर्ट देताना ‘घालण्याआधी एकदा धुवा’ अशी चिठ्ठी प्रत्येक पिशवीत घाला. शिजवलेल्या छपाईत क्रियेचा थोडा अवशेष आणि वास राहतो, तो पहिल्या धुण्यात जातो. दहीहंडी किंवा ढोलपथकाचे शर्ट आदल्या रात्री ताब्यात जातात आणि सकाळी तसेच अंगावर चढतात. अशा ऑर्डरमध्ये धुण्याचा एक दिवस तुमच्याच वेळापत्रकात धरा आणि शर्ट धुऊनच द्या. तान्ह्या मुलांच्या कपड्यांवर ही शाई वापरू नका.

एक वही ठेवा. शर्टाचा रंग आणि लॉट, धाग्यांचं प्रमाण, पावडरची टक्केवारी, जाळी, किती हात, कापडाचं मोजलेलं तापमान आणि वेळ. शेजारी त्याच छपाईचा धुतलेला तुकडा स्टेपल करा. सहा महिन्यांनी तोच ग्राहक ‘मागच्यासारखंच द्या’ म्हणत येतो, तेव्हा तो तुकडा समोर ठेवता येतो.